दोन कुळांचं इंजिन

मार्गशीर्षातली सकाळ. पंचगंगेवरून उठलेलं धुकं उसाच्या तुऱ्यांत अडकलं होतं आणि तुऱ्यांवर कोवळं ऊन उतरत होतं. रुपेरी तुरे, धूसर सोनं, आणि त्यातून संथ वर चढणारा गुऱ्हाळांचा निळसर धूर. उकळत्या रसाचा दाट, गोड दरवळ नदी ओलांडून कोल्हापुरात शिरत होता. उद्यमनगरात पोचेपर्यंत त्यात जळक्या तेलाचा वास मिसळे, आणि मग तो वास नेमका कसला हे कुणालाच सांगता येत नसे.

गल्ली केव्हाच जागी झाली होती. लेथ फिरत होते, पत्रे खणखणत होते, लोखंडाचे निळे-जांभळे कीस कुरळे होऊन जमिनीवर पडत होते. एकट्या रंगराव लोहारांच्या शेडमध्ये आवाज नव्हता.

शेडच्या मधोमध ती उभी होती. कमरेएवढ्या उंचीची, पिकल्या जांभळाच्या रंगाची, दोनच माणसांना पोटात घेणारी, वाऱ्यासाठी घडवलेली, वळणांसाठी वाढवलेली गाडी. तिचं इंजिन बैठकीच्या मागे असायचं. आज तिथे एक रिकामी, काळोखी पोकळी होती, आणि रंगरावांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

गाडी संयोगिता माने यांची. सोमवार ते शनिवार त्या कॉलेजात गणित शिकवत आणि रविवारी शहराबाहेरच्या माळावर, ट्रॅकच्या काळ्या वळणांवर, शिकवलेलं सगळं विसरून जात. दोन वर्षांपूर्वी गाडीचं मूळ इंजिन फुटलं. परदेशातल्या कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं. तेव्हा चाळीस वर्षं शर्यतीची इंजिनं बांधलेल्या रंगरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “ताई, मी हाय तवर हिचं इंजिन दुसऱ्याच्या हाताला लागायचं न्हाई.”

शब्द दिला आणि मग दोन इंजिनं हुडकली. धड एका संथ, सोशिक, संसारी मोटारीचं. रुंद छातीचं, ओझं वाहणारं. मस्तक एका अवखळ, तडफदार मोटारीचं. उंच स्वरात गाणारं. धड एका कंपनीचं, मस्तक दुसऱ्या कंपनीचं. आपल्या गणरायाला जमलं ते आपल्यालाही जमेल, असं रंगराव म्हणत. गल्ली मात्र हसे. “रंगराव, हायब्रीडची भाकरी कधी गोड लागलीया का?” असं येता-जाता कुणीतरी विचारी, आणि रंगराव नुसतं हुं करत.

ही सोयरीक जुळवणारा दुसरा हात शहानूर मुजावरांचा, गल्लीच्या तोंडी शानूरचा. पलीकडच्या गल्लीत त्यांचं बोरिंगचं मशीन होतं. लोखंडात भोक पाडावं तर शानूरनी. केसाचा दहावा हिस्सासुद्धा इकडचा तिकडे होत नसे. चाळीस वर्षं रंगरावांनी इंजिन बांधायचं आणि शानूरनी त्याची मापं राखायची. शानूरच्या मापांची लाकडी पेटी रंगरावांच्या फळीवर असे, आणि तिला दुसरं कुणी शिवत नसे.

धडातून मस्तकात तेल चढायला एक वाट लागते. ते तेल मिळालं तर मस्तकातला वरचा दांडा लोण्यासारखा फिरतो. नाही मिळालं तर स्वतःच्याच तापाने जागीच धरून बसतो. दोन कंपन्यांच्या वाटा समोरासमोर येत नव्हत्या. शानूरनी धडाच्या माथ्यावर पितळेची एक इवली नळी बसवून ती वाट वळवली. भोक दोन मिलिमीटरचं. पहाटेच्या चांदणीएवढं ते पितळ धडावर चमकत असे, आणि रंगरावांना त्याचं फार कौतुक होतं.

धड-मस्तक जुळवायच्या दिवशी रंगरावांनी वाटीत तांदूळ घेतले, कुंकवाने रंगवले. त्यांच्या गुरूंची रीतच होती ती. इंजिन मिटावं, शेवटचा नट आवळावा, आणि मग वरून चार अक्षता टाकाव्यात. पण हे तर दोन कुळांचं लग्न. अंतरपाट दूर होतानाच अक्षता पडायला हव्यात, असं रंगरावांच्या मनाने घेतलं. मस्तक साखळीवर टांगलेलं, धड खाली उघडं, मध्ये वीतभर प्रकाश. त्या प्रकाशात त्यांनी चिमूटभर अक्षता टाकल्या, हाताने झटकल्या, आणि मस्तक खाली उतरवलं.

शेडमध्येच इंजिन सुरू झालं. अकरा मिनिटं ते असं काही गायलं की रंगरावांचे डोळे भरले. बाराव्या मिनिटाला आतून एक किंकाळी आली, आणि वरचा दांडा जागीच अडकला.

पुन्हा उघडलं. पुन्हा धुतलं. तेलाच्या वाटांमधून हवेचा जोरदार झोत मारला, सगळ्या मोकळ्या. पंप तपासला, ठणठणीत. शानूरनी मस्तक पुन्हा बोअर करून दिलं. रंगरावांनी या खेपेला चिमटीऐवजी मूठ भरून अक्षता टाकल्या. पहिल्या वेळी देवाचं करताना हात आखडला, असं त्यांना वाटलं होतं.

गेल्या रविवारी ते गाडीत बसून ट्रॅकवर गेलं. एक फेरी सुरेख झाली. दुसरी सुरेख झाली. तिसऱ्या फेरीत, उसाच्या फडामागच्या वळणावर, तीच किंकाळी माळभर पसरली. संयोगिता गाडीतून उतरल्या आणि त्यांनी हेल्मेट काढलं.

“काका, माझा तुमच्यावर राग नाही,” त्या म्हणाल्या. “पण आता वाट बघणं होत नाही माझ्याच्यानं. गाडी कोइम्बतूरच्या कारागिरांकडे पाठवते.”

“येवढा एक रविवार द्या, ताई.”

“रविवार दिला. सोमवारी गाडी न्यायला ट्रक येईल.”

राग असा होता की तो कुठे ठेवावा हे रंगरावांना कळेना. तो हातात होता, दातांत होता, बोटांच्या पेरांत ठुसठुसत होता. पंप निर्दोष, तेल निर्दोष, वाटा मोकळ्या. उरलं काय? दांडा ज्या भोकांमधून फिरतो त्यांची रेघ. आणि ती रेघ शानूरची.

“शानूर,” त्याच संध्याकाळी रंगराव म्हणाले होते, “तुझा हात हलला, गड्या.”

शानूर ओला कपडा घेऊन हात पुसत होते. ते पुसतच राहिले. लोहाराला भाता फाटला म्हणावं, गवयाला गळा बसला म्हणावं, आणि बोरिंगवाल्याला हात हलला म्हणावं, हे सारखंच.

“दोन डाव हलला म्हणतोस?”

“मग दुसरं काय आसंल?”

“बरं. मग मापं न्हेतो माझी.”

फळीवरची पेटी त्यांनी काखेत घेतली आणि ते गेले. फळीवर धूळ होती. पेटी असायची तिथे मात्र एक स्वच्छ, चौकोनी, उजळ जागा उरली. तीन दिवस रंगरावांनी त्या जागेवर काही ठेवलं नाही आणि तिच्यावरून फडकंही फिरवलं नाही.

आज गुरुवार. धड पुन्हा उघडं, मस्तक पुन्हा वेगळं. पुन्हा धुवायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा तेच. त्यांना इंजिनाचा वीट आला होता. त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा. तळव्यांवर चाळीस वर्षांच्या काळ्या रेघा, बोटांत बारीकसा कंप. शानूरला जे बोललो ते आरशात बघून तर बोललो नाही ना, असं एकदा मनात आलं. त्यांनी ते मनातच दाबलं.

हवेचा झोत मारायला त्यांनी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. काही झालं नाही. गल्लीतले लेथ एकेक करून थांबत गेले. तारांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद, चार वाजता येणार, असं कुणीतरी ओरडत गेलं. रंगरावांनी कॉम्प्रेसरला एक लाथ मारली, आणि मग पायाचा अंगठा धरून खाली बसले.

हवा नाही, तर सुई. त्यांनी पोती शिवायचं दाभण उचललं आणि त्या पितळी नळीत हळूच घातलं. मोकळ्या वाटेत दाभण सरळ जायला हवं होतं. ते गेलं नाही. काहीतरी मऊसर, चिवट, हट्टी असं मध्ये होतं. त्यांनी टोक फिरवलं, खेचलं, पुन्हा फिरवलं. आणि टोकाला रुतून एक काळा कण बाहेर आला.

तळहातावर घेऊन ते दारातल्या उन्हात आले. तेलात तळून कोळशाएवढा काळा झालेला. एका बाजूने जरासा सोललेला, आत पांढुरका. तांदळाचा दाणा.

ऊन तसंच होतं. गुळाचा वास तसाच येत होता. रंगराव तिथेच उंबऱ्यावर बसले. मूठ भरून टाकलेल्या अक्षता त्यांना दिसल्या. वीतभर प्रकाशातून उतरलेल्या, लाल, शुभ, मंगल. पहिल्या खेपेला हवेच्या झोताने पुरावाच उडवून लावला होता, आणि मोकळ्या झालेल्या वाटेत त्यांनी आपल्याच हाताने पुन्हा बूच घातलं होतं. जगातल्या कुठल्याही कारखान्यात कुठल्याही कारागिराकडून ही चूक झाली नसती. ती व्हायला रंगराव लोहारच हवे होते.

ते रडले नाहीत. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की रडायला जागाच उरली नाही.

मग ते उठले. दाणा तळहातावर, त्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा, असे ते भर गल्लीतून चालत गेले. कुणी विचारलं, “काय ओ मिस्त्री, चिमणी धरली का काय?” त्यांनी पावलं उचलली.

शानूर थांबलेल्या मशीनशेजारी स्टुलावर बसले होते. रंगरावांनी तळहात पुढे केला. शानूरनी दाण्याकडे पाहिलं. मग पेटी उघडली, मायक्रोमीटर काढला, आणि एखादं रत्न तोलावं तसा तो जळका दाणा त्याच्या जबड्यात हलकेच धरला. बोटं स्थिर होती. अगदी स्थिर.

“एक पॉइंट नव्वद,” ते म्हणाले. “भोक दोनाचं.”

“व्हय.”

“तुझ्या अक्षता.”

“माझ्याच. दोन्ही डाव.” रंगराव म्हणाले. “हात माझा हलला, शानूर. उगा बोललो तुला.”

शानूरनी मायक्रोमीटर पुसला, पुन्हा पेटीत ठेवला, पेटी लावली.

“मस्तक घिऊन ये,” ते म्हणाले. “चारला लाईट येती.”

चार वाजता वीज आली. मशीन फिरू लागलं, लोखंडातून चंदेरी धुळीची धार उतरू लागली. शुक्रवारही तसाच गेला. शनिवारी धड उघडं होतं, मस्तक साखळीवर टांगलेलं होतं, मध्ये वीतभर प्रकाश होता. सवयीने रंगरावांचा हात वाटीकडे गेला. शानूरनी नुसतं पाहिलं. रंगरावांनी मूठभर अक्षता घेतल्या आणि मूठ मिटून खिशात घातली. मस्तक एका हाताने धरून त्यांनी खाली उतरवलं. दुसऱ्या बाजूने शानूरचा हात होता. संध्याकाळी पेटी फळीवर गेली. धुळीतल्या त्या उजळ चौकोनात ती बरोबर बसली.

रविवार. माळावर वारा होता, गवत पिवळं पडलं होतं, काळा ट्रॅक दवाने चकाकत होता. रंगरावांनी संयोगितांना सगळं सांगितलं. दाणा सांगितला, अक्षता सांगितल्या, शानूरला बोलले तेही सांगितलं.

“दोन्ही वेळेला?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही येळंला, ताई.”

त्या हसल्या नाहीत. हेल्मेट घालता घालता म्हणाल्या, “चार फेऱ्या मारते. चौथी पुरी झाली तर ट्रकला नको म्हणून कळवते.”

जांभळी गाडी निघाली. सरळ रस्त्यावर तिने सूर लावला, वळणावर तो मुडपला, पुन्हा उंच केला. एक फेरी. दोन फेऱ्या. मुठीत अक्षता घेऊन रंगराव कुंपणाला टेकून उभे होते, आणि शेजारी शानूर, डोळे मिटून, कान देऊन.

तिसरी फेरी. गाडी उसाच्या फडामागे गेली. त्याच क्षणी वारा फिरला, तुरे सळसळले, आणि सूर बुडाला. काहीच ऐकू येईना. इंजिन नाही, किंकाळी नाही, नुसता ऊस. रंगरावांची मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली. त्यांना वाटलं, संपलं. आता हे हात कुणी धुऊन पुसून कुठेतरी ठेवून द्यावेत.

“हाय,” शानूर डोळे न उघडता म्हणाले. “हाय त्यो. ऐक.”

आणि फडाच्या टोकाकडून सूर आला. संथ कुळाचा भरीव खर्ज, अवखळ कुळाचा उंच निषाद, दोन्ही एकातच. गाडी त्यांच्यासमोरून गेली. चौथी फेरी झाली. गाडी थांबली नाही. पाचवी सुरू झाली, मग सहावी, आणि पुढे कुणी मोजलं नाही.

रंगरावांनी मूठ उघडली. घामाने कुंकू विरघळलं होतं, तळवा लालभडक झाला होता. अक्षता एकेक करून सुटल्या, कुंपणाच्या पायथ्याशी पडल्या, पिवळ्या गवतात नाहीशा झाल्या. एक दाणा चिकटून राहिला होता. शानूरनी तो नखाने हलकेच काढला, आणि वाऱ्यावर सोडून दिला.