चून बंद

मला माझ्या पुणेरी मराठीची फार घमेंड होती, हे आधीच सांगून टाकते. १९३६ साली बाळापूरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा "मले नाही, मला" असं दिवसातून पन्नासदा म्हणून माझा घसा बसायचा. पोरी हसायच्या आणि पुन्हा "मले"च म्हणायच्या.

तिसऱ्याच आठवड्यात अकोल्याच्या शाळाखात्याच्या कचेरीतून तक्ते आले. मुली दुपारी काय खातात ते लिहून पाठवायचं होतं. दुसरीतली माणिक, किसनराव माळ्यांची मुलगी, अंगाने अगदी काडी. मी विचारलं, "भाकरीबरोबर काय खातेस?"

"चून."

"रोज?"

"रोज चूनच खातो, बाई."

ती बसायची तिथला भिंतीचा चुना खरवडलेला मी कालच पाहिला होता. मोठ्या तत्परतेने तक्त्यात लिहिलं, 'चुना खाते.' वर तिला दम भरला, "बंद म्हणजे बंद. पुन्हा खाल्लंस तर शाळेतून नाव काढीन." तिने मान हलवली.

अकोल्याहून उत्तर आलं. मुलीला दुपारी वेगळं बसवा, महिन्याने डॉक्टर येऊन पाहतील, सवय सुटली नसेल तर नाव काढा. माणिक माझ्या टेबलाशी बसून जेवू लागली. कोरडी भाकर, घासागणिक पाण्याचा घोट. भाकर कोरडी का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दहाव्या दिवशी किसनराव शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. हाताला ओली माती तशीच होती.

"बाई, पोरीचं चून काहून बंद केलं जी? भाजीपाला सारा बजारात जाते. भाकरीसंगं आमच्या घरी चूनच तं असते."

"चून म्हणजे काय हो?"

"बेसनाचं, जी. लसूण-मिरची टाकून शिजवतेत ते."

"म्हणजे पिठलं?"

"तुमी काय म्हणता ते मले नाई ठाऊक," ते म्हणाले. "पोरगी शिकन तं खरी ना?"

"शिकेल," मी म्हणाले.

मी तडक मोठ्या बाईंकडे, दुर्गाबाईंकडे गेले. ऐकून त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी उठून दार लावलं. "कागद अकोल्याले गेला, बाई. आता चूक झाली म्हनान, तं साहेब विचारन, बोली न समजनारी मास्तरीण काहून ठेवली? तुमची नेमणूक अजून कच्ची हाये."

नोकरी गेली तर पुण्याला भावाच्या घरी परतायचं आणि जन्मभर वहिनीच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या. ते घर मी जाणून होते. म्हणून अकोल्याला काही कळवलं नाही. किसनरावांना सांगितलं तर गावभर होईल, म्हणून फक्त माणिकला एकटीला गाठून सांगितलं, "अगं, माझंच चुकलं. घरी चून खात जा."

ती दोन पावलं मागे सरकली. मी तिची परीक्षा घेते आहे असंच तिला वाटलं. "नाई खात, बाई," ती घाईने म्हणाली. पुढे दोनदा समजावलं, दोन्ही वेळा हेच उत्तर. मला स्वतःचा भयंकर राग आला, पण रागाने भाकर ओली होत नाही.

महिन्याने डॉक्टर आले. गृहस्थ जबलपूरकडचे, मराठी बिलकूल येत नव्हती, त्यामुळे दुभाषीपण माझ्याकडे आलं. त्यांनी माणिकला जवळ बोलावून विचारलं, "बेटी, चूना खाना छूटा?"

माणिकने आधी माझ्याकडे पाहिलं. "आता चून नाई खात, जी. कोरडीच भाकर खातो."

"क्या कहती है?" डॉक्टरांनी मला विचारलं.

दुर्गाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. एक वाक्य हिंदीत सांगायचं होतं, चूक माझी आहे, मुलगी उपाशी राहते आहे. तेवढी हिंदी मला येत होती.

"कहती है, अब नहीं खाती," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली आणि इंग्रजीत शेरा लिहिला, 'शिक्षिकेच्या दक्षतेने सवय सुटली.' त्या शेऱ्यावर माझी नेमणूक पक्की झाली. माणिकचं नावही राहिलं. चौथी पास होईपर्यंत ती माझ्यासमोर बसून, पाण्याच्या घोटाबरोबर, कोरडी भाकर खात होती.