क्लोरिनला भजं नको

सोलो शहरातल्या माणसांना नको म्हणायची भारी हौस. पाहुण्यापुढे ताट ठेवा, तो आधी मनसोक्त नको म्हणणार आणि मग तेच ताट चाटूनपुसून साफ करणार. बू निंग्सिह, म्हणजे निंग्सिह बाई, याच मातीतल्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागून आठ वर्षं झाली, तरी नोकरी हंगामीच. कायम जागा निघाली की बाई म्हणायच्या, "आधी दुसऱ्यांचं बघा," आणि लोक खरंच दुसऱ्यांचं बघायचे.

यंदा पुन्हा एक जागा निघाली. दावेदार दोघं, बाई आणि त्यांच्यानंतर नोकरीला लागलेला यानुआर. तास बघून निवड करणार होते पाक सिहोतांग, म्हणजे सिहोतांग सर. हे तपासनीस दूरच्या तपानुलीचे, बटाक जमातीचे. बोलणं रोखठोक, आणि आवाज असा की ते कुजबुजले तरी शिपाई धावत यायचा. या खेपेला जागा सोडायची नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

तासाला त्यांनी आवर्तसारणीतली तिसरी ओळ पोरांचीच उभी केली. डावीकडे सोडियम म्हणून धिप्पाड गालिह, मग उतरत्या उंचीनं एकेक जण आणि उजवीकडे क्लोरिन म्हणून टिचभर सेकारिनी. ओळीतला शेवटचा आरगॉन तेवढा कडेला बाकावरच बसवला. ओळीत उजवीकडे जावं तसा अणू आकसत जातो आणि इलेक्ट्रॉन ओढायची त्याची ताकद मात्र वाढत जाते, हे दाखवायचं होतं. इलेक्ट्रॉन म्हणून केळ्याचं एक गरम भजं बाईंनी गालिहच्या हातात दिलं.

"ज्याची ओढ जास्त, त्यानं खुशाल हिसकावून घ्या."

कुणी हलेना. पाहुण्यांदेखत दुसऱ्याच्या हातातलं भजं हिसकावायचं, तेही सोलोत?

"घे गं तूच," गालिह म्हणाला.

"नको रे, तूच खा. मी आत्ताच जेवून आलेय," सेकारिनी म्हणाली.

मग भजं ओळीतून फिरलं. गंधकानं फॉस्फरसला आग्रह केला, फॉस्फरसनं सिलिकॉनला, आणि सिलिकॉननं तर ते थेट तपासनिसांपुढे धरलं. शेवटी गार होऊन ते गालिहच्याच हातात आलं.

"बू, तुमच्या या वर्गात मीठसुद्धा तयार व्हायचं नाही," मागच्या बाकावरून पाक सिहोतांग गरजले.

 गेली ही जागा, बाईंना वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष सेकारिनीकडे गेलं. पोरगी दोन्ही हात हलवून नको नको करत होती, पण नजर काही भज्यावरून ढळत नव्हती. बाईंना हसूच फुटलं.

"बरं, हिसकावू नका," त्या म्हणाल्या. "कोण किती जोरात नको म्हणतंय, तेवढं बघा. आपल्याकडे ज्याला जास्त हवं, तोच जास्त नको म्हणतो. खरं की नाही?"

वर्ग खिदळला. पुन्हा फेरी झाली. मॅग्नेशियम नुसतं 'अं हं' म्हणालं, पुढे नकार चढत गेला, गंधकानं कानाला हात लावले आणि क्लोरिन तर फळ्याला टेकेपर्यंत मागे सरकली.

"आणि कडेच्या आरगॉनचं काय?" बाईंनी विचारलं.

"तो डबा संपवून बसलाय, बू. त्याला ना हवं, ना नको," पोरं ओरडली.

शेवटी सेकारिनीनं भजं घेतलं आणि एका घासात गट्ट केलं. पाक सिहोतांग पोट धरून हसत होते.

तासानंतर त्यांनी बाईंना कार्यालयात बोलावलं.

"तास फर्मास झाला. यानुआरचाही बरा होता. पण जागा एकच आहे. तुम्हाला देऊ?"

"छे छे, त्याची मुलं लहान आहेत. त्यालाच द्या," बाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"ठीक आहे."

तपानुलीत नको म्हणजे नको. त्यांनी पेन उघडलं आणि यानुआरचं नाव लिहायला घेतलं. बाई वाट बघत राहिल्या, पण हा माणूस काही पुन्हा आग्रह करेना. पेन पुढे सरकत होतं. बाईंच्या आईनं पाहिलं असतं तर ती शरमेनं जमिनीत गेली असती, पण बाईंनी सरळ हात पुढे करून ते पेन धरलं.

"थांबा, पाक. मला हवी आहे. मलाच द्या."

त्यांनी मान वर करून पाहिलं. "मग नको कशाला म्हणालात?"

"कारण मला फार हवी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

पाक सिहोतांगांनी लिहिलेलं खोडलं आणि बाईंचं पूर्ण नाव विचारलं.