गोल गाडीतली शेजारची जागा

घरी तिला ठमी म्हणत. पन्नाशी गाठली, चष्मा लागला, हाताखाली माणसं आली, तरी बापाच्या तोंडी ती ठमीच राहिली. महानगर प्रदेशाच्या वाहतूक नियोजन कक्षात मात्र ती मॅडम होती. मधलं शहर आणि त्याच्याभोवती पसरलेली गावं, सगळ्यांची वाहतूक एका नव्या यंत्रणेला जोडायचं काम तिच्याकडे होतं. बस येताना दिसली की सिग्नल आपणहून हिरवा होणार होता. जिथे प्रवासी कमी तिथल्या मोठ्या बस काढून घेऊन, बोलावलं की येणाऱ्या लहान गाड्या देणार होते. कागदावर हे सगळं फार सुंदर दिसायचं. ठमीने त्यात चार वर्षं डोकं घातलं होतं, आणि ते तिला खरोखरच सुंदर वाटायचं.

तिचा बाप शिंपी. दुकान बंद केल्याला बराच काळ लोटला होता, पण अंगातला कोट अजून स्वतःच शिवलेला असायचा. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून ते एकटे राहत. "माझ्याकडे चला" म्हणून ठमीने परोपरीने सांगून पाहिलं. "तुझ्या घरी दिवसभर असतं कोण? इथलं कुलूप काढून तिथलं लावायचं एवढंच," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग ती रोज संध्याकाळी फोन करायची.

"जेवलात का?"

"जेवलो."

"बाहेर पडला होतात का?"

"जाऊन आलो."

"कुठे?"

"असंच."

बाप घराबाहेर पडतो, घरात कुढत बसत नाही, एवढ्यावर तिला हायसं वाटायचं. 'असंच' म्हणजे कुठे, हे तिने कधी खोदून विचारलं नाही. दिवसभर माणसं कुठून निघतात आणि कुठे जातात हेच बघत बसणाऱ्या बाईला घरी तेच विचारायचा कंटाळा येत असेल कदाचित.

बापाच्या घरावरून एक बस जायची. वस्तीतून निघून बाजार, इस्पितळ, कारखान्याची भिंत, तलाव असं करत ती पुन्हा वस्तीत यायची. लोक तिला गोल गाडी म्हणत. सकाळ-संध्याकाळ ती भरलेली असे. दुपारच्या आकड्यांत मात्र ती अगदी रिकामी दिसत होती, आणि म्हणून बंद करायच्या गाड्यांमध्ये तिचा क्रमांक वर होता.

हे आकडे यायचे प्रवाशांच्या कार्डांवरून. चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. आकडे हाताळण्याआधी ते साफ करावे लागतात, आणि साफ करण्याचे नियम ठमीने घालून दिले होते. त्यातला एक असा, की ज्याने चढल्या थांब्यावरच उतरल्याची नोंद केली, त्याने प्रवास केलाच नाही असं समजायचं. चुकीच्या बसमध्ये चढणारे आणि जीभ चावून लगेच उतरणारे लोक असतातच. एका लहान गावात आधी प्रयोग केला होता, तिथे तसंच निघालं होतं. तोच नियम पुढे सगळ्या प्रदेशाला लागला.

कक्षात एक सहकारी होता. प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा म्हणून त्याचं नाव शंकासुर पडलं होतं. त्याने तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, चढल्या थांब्यावरच उतरला खरा, पण मधे तासभर गेला असेल तर?"

"तर यंत्र बिघडलं असेल."

"आणि यंत्र ठीक असेल तर?"

"तर माणूस बिघडला असेल," ठमी म्हणाली होती. सगळे हसले होते. शंकासुरही हसला होता.

गाडी बंद करण्यापूर्वी कक्षातल्या कोणीतरी तिच्यातून एकदा प्रवास करायचा, अशी त्यांची पद्धत होती. बहुतेक वेळा ती उरकली जायची. गोल गाडीची पाळी आली तेव्हा ठमी म्हणाली, "माझ्या माहेरची गाडी आहे, मीच जाते. येताना बाबांकडे डोकावता येईल."

भर दुपारी ती बाजारापाशी गाडीत चढली आणि मागच्या बाजूला जाऊन बसली. गाडी रिकामी नव्हती. भरलेलीही नव्हती, पण आकड्यांत होती तशी ओस मुळीच नव्हती. काठी घेतलेली एक बाई, कानाला यंत्र लावलेला एक माणूस, आणखी असेच काही जण. बहुतेक सगळे खिडकीशी बसलेले, प्रत्येकाच्या शेजारची जागा मोकळी.

पुढे तिसऱ्या बाकावर तिला एक कोट दिसला. खांद्याच्या शिवणीवरूनच तिने तो ओळखला.

हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण मारली नाही. बाबा इस्पितळात निघाले असतील, दुखणं लपवत असतील, असं तिच्या मनात आलं. इस्पितळ आलं. बाबा उतरले नाहीत. तिथे भाजीच्या दोन पिशव्या घेतलेली एक बाई चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कोटाचं टोक तेवढं हलकेच ओढून मांडीखाली घेतलं, तिला पुरती जागा करून दिली आणि जरा ताठ बसले. ती बाई पिशवीत काहीतरी चाचपत राहिली. दोघांत एक शब्द झाला नाही. कारखान्याच्या भिंतीपाशी ती उतरून गेली. तशी बाबांनी कोट पुन्हा सैल सोडला.

ठमीला एकदम दुकान आठवलं. बाबा यंत्रावर, आणि त्यांच्या डाव्या हाताला, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, काजं-बटणं करत आई. सकाळपासून दिवे लागेपर्यंत दोघं तशी बसायची. बोलायची फारशी नाहीतच. ठमी लहान असताना म्हणायची, यांचं भांडण झालंय की काय.

तलाव आला, गेला. कोणी उतरलं नाही. मग ठमी उठली आणि जाऊन बाबांच्या शेजारी बसली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. कोटाचं टोक ओढून मांडीखाली घेतलं.

बापाशेजारी आपण परकी बाई होऊन बसलो आहोत, आणि त्यांना तेवढंच पुरतं आहे, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरले. तिने चष्मा काढून पुसला. त्या हालचालीने बाबांनी पाहिलं.

"ठमे! तू गं इकडे कुठे?"

"कामाला आले होते."

"गाडी बंद करायला?"

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ड्रायव्हर म्हणत होता. म्हटलं, आमची ठमी आहे तिथे, बघेल काहीतरी." मग तिचा चेहरा बघून त्यांनीच सावरून घेतलं. "अगं, गंमत केली. तुझं काम तू कर."

"बाबा, रोज येता?"

"घरात खुर्च्या आहेत गं पुष्कळ. शेजारी बसायला कोणी नसतं. इथे येतं कोणीतरी. ओळख ना पाळख, बोलायची कटकट नाही."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? बाप दिवसभर बसमध्ये गोल गोल फिरतो म्हणून? तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

नेलं असतं खरं. वस्ती आली तसे बाबा उठले आणि चढले होते त्याच थांब्यावर त्यांनी कार्ड टेकवलं. यंत्र टुणकन वाजलं. गाडीतले आणखीही काही जण त्यांच्यामागोमाग असंच कार्ड टेकवून उतरत होते. तो आवाज ऐकताना ठमीला कोणीतरी आपल्या तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने पुसून टाकलेल्या नोंदी परत आणल्या. गोल गाडीची दुपार भरून आली. शंकासुर पडद्याकडे बघत राहिला. त्याने कसलीही शंका काढली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब माणूस चांगला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण मॅडम, हे लोक पोचतात कुठे?"

"कुठेच नाही. पुन्हा घरी."

"मग ती सोय आपण कशात धरायची? आणि इथून काढलेल्या गाड्या तुम्ही कुणाला कबूल केल्यात, आठवतं ना?"

तिला आठवत होतं. महामार्गापलीकडे मजुरांची नवी वस्ती झाली होती. तिथे बस नव्हतीच. बाया कडेवर पोरं घेऊन ट्रकच्या बाजूने चालत कामावर जायच्या. गेल्या पावसाळ्यात तिथे एक बाई ट्रकखाली गेली होती. त्या वस्तीत उभं राहून ठमीने स्वतः शब्द दिला होता, आणि तो खोटा करायचं तिच्या मनातही नव्हतं.

"दुसऱ्या कुठल्या गाड्या नाहीत?"

"असत्या तर तुम्हीच शोधल्या असत्या." साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "कोण आहेत हे दुपारचे लोक?"

त्यातला एक माझा बाप आहे, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"म्हातारी माणसं आहेत," ती म्हणाली, आणि गाडी बंद करायच्या कागदावर सही करून बाहेर आली. नियम मात्र तिने बदलला. पुढे कोणाची तरी गाडी त्याने वाचेल. गोल गाडी वाचली नाही.

नवी यंत्रणा सुरू झाली त्या आठवड्यात ठमी रजा टाकून बापाकडे गेली. लहान गाडी बोलवायची कशी ते शिकवायला तिने त्यांचा फोन हातात घेतला.

"इथे दाबायचं. आता विचारेल, कुठे जायचं."

"कुठेच नाही."

"तसं चालत नाही बाबा. ठिकाण दिल्याशिवाय गाडी येत नाही."

"'असंच' म्हणून नाही का काही त्यात?"

तिने हजार प्रकारचे प्रवासी गृहीत धरून ठिकाणांची ती यादी केली होती. 'असंच' तीत नव्हतं.

"तलाव घाल मग," बाबा म्हणाले. "तुझ्या समाधानासाठी."

गाडी लगेच आली. पांढरी, चकचकीत, आत गार. वाटेतले सिग्नल ती जवळ येताच हिरवे होत गेले. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. बाजार लागला नाही, इस्पितळ लागलं नाही, कारखान्याची भिंतही लागली नाही. यंत्रणेने जवळचा रस्ता काढला होता. बघता बघता तलाव आला. फोनवर अक्षरं उमटली, की आपल्या प्रवासाचा अर्ध्याहून अधिक वेळ वाचला आहे.

बाबांनी डोळे बारीक करून ते वाचलं. "छान केलंयस गं," ते म्हणाले. "पण हा वाचलेला वेळ घेऊन मी करू काय?"

टोमणा नव्हता तो. त्यांनी खरंच विचारलं होतं. उत्तर द्यायला ठमी त्यांच्याकडे वळली. त्या गाडीत बाकं नव्हती, एकेकट्या खुर्च्या होत्या, मधे जाण्यायेण्याची वाट. ही मांडणीही तिनेच मंजूर केलेली होती. कोणाचा कोणाला धक्का लागू नये म्हणून. वाटेच्या पलीकडे तिचा बाप ताठ बसला होता. दार उघडल्याचा आवाज झाला. बाबांनी बाहेर पाहिलं, आणि कोटाचं टोक हलकेच ओढून मांडीखाली घेतलं.