यापूर्वीचा अनुभव

“फायरवाल्यांचं झालं,” मोठ्या बाई चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या. “‘अग्निशमन दलात एकोणीस वर्षं, पाण्यातून चाळीस जणांना बाहेर काढलं.’ मी म्हटलं, अहो, त्यातले जिवंत किती तेही लिहा. तर म्हणतात कसे, बाई, फळ्यावर जागा कमी आहे.”

सरांची लेक हसली. वडील जाऊन दोन महिने होत आले होते. अजून हसू आलं की तिला इकडेतिकडे बघावंसं वाटे, कुणी पाहिलं तर नाही ना.

पोहण्याच्या तलावाचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि त्याची एक भिंत काचेची होती. खाली पंचवीस मीटरचा तलाव, सहा पट्टे. जिन्याखालच्या भिंतीवर नवा फळा लागणार होता. ‘आमचे अनुभवी प्रशिक्षक’ असं वर ठळक अक्षरांत, खाली चौघांचे फोटो आणि प्रत्येकाची पाच ओळींत माहिती. हल्ली पालक आधी विचारतात, शिकवणारा कोण, कुठून आला. विचारणारच. पोटचं पोर पाण्यात सोडायचं असतं.

“माझं मी दोन पदकांवर भागवलं,” बाई म्हणाल्या. “तिसरं अर्ध्या हातानं हुकलं, ते काही लिहीत नाही. धाकट्या सराचं लिहायला सोपं. बाराव्या वर्षी सरांकडे आला तो अजून इथंच आहे. राहिले तुझे बाबा. समिती म्हणते, सर नसले तरी पहिलं नाव त्यांचंच. माझ्याच्यानं काही लिहवेना गं. तू पुस्तकांतली माणूस, तू लिही.”

लेक कॉलेजच्या ग्रंथालयात होती. दुसऱ्याच्या आयुष्याची पाच ओळींत नोंद करणं तिला नवं नव्हतं. बाईंनी लोखंडी कपाटातून एक पिवळा पडलेला अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वीचा, बाबा इथं रुजू झाले तेव्हाचा. ‘यापूर्वीचा अनुभव’ या रकान्यात एकच ओळ होती : पाणीपुरवठा कार्यालयात लिपिक, अकरा वर्षे. पोहण्याची आवड.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, बाबांचं अक्षर तेव्हा किती चांगलं होतं. मग लक्षात आलं, हे बाबांचं अक्षर नाहीच. ते आईचं आहे.

आणि अकरा वर्षं? ती सहा वर्षांची असताना ते या गावात आले. पाणीपुरवठ्याची नोकरी बाबांना लागली ती इथं आल्यावर, आणि ती तीन वर्षं टिकली. त्याआधीचं तिला फारसं आठवत नव्हतं. हिरव्या फरश्यांचा एक मोठा तलाव आठवत होता, आणि बाबांच्या मांडीवर बसून तोंडात धरलेली त्यांच्या गळ्यातली ओली शिट्टी. लिपिकाच्या गळ्यात शिट्टी कशाला असेल?

तेवढ्यात खालचा आवाज थांबला.

सराव चालू असलेला तलाव कधी गप्प नसतो. पाय आपटत असतात, शिट्टी वाजत असते, कुणी ना कुणी ओरडत असतं. ती काचेपाशी गेली. आल्याआल्या तिनं नऊ मुलं मोजली होती. मोजण्याची खोड बाबांची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते ओठांतल्या ओठांत डोकी मोजायचे आणि आई त्यांना कोपरानं ढोसायची. आता पाण्यावर एकही डोकं नव्हतं. पाणी काचेसारखं सपाट होतं. काठानं धाकटे सर हातातल्या घड्याळाकडे बघत सावकाश चालत होते.

मग तिला तळाशी सरकणाऱ्या सावल्या दिसल्या.

“हे काय चाललंय?”

“पाण्याखालची फेरी. एका दमात किती जाता येतं ते बघायचं.” बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “सरांचा नियम माहितेय ना तुला? काठापासून पाच मीटरवर ती निशाणं टांगलीत, त्यांच्या पुढे डोकं पाण्याबाहेर दिसलंच पाहिजे. दुसरे क्लब तिप्पट लांब पाण्याखालून जातात, नियमात बसतं ते. आपली पोरं वळली की मागे पडतात. कितीदा भांडले मी! कारण विचारलं की एकच उत्तर, मी सांगतो म्हणून. आता सहा आठवड्यांवर स्पर्धा आलीय. धाकटा म्हणाला, सुरू करू या. मीही हो म्हटलं.”

एकेक डोकं वर आलं. सगळ्यांत शेवटी पिवळी टोपी. ती मुलगी काठाला लोंबकळून हसत होती, आणि तिचे ओठ जांभळे दिसत होते. दुसऱ्या फेरीआधी नऊच्या नऊ मुलं काठाला धरून भराभरा श्वास घ्यायला लागली. छात्या भात्यासारख्या हलत होत्या. धाकटे सर मोजत होते, “अठरा, एकोणीस, वीस…”

लेकीनं अर्ज पर्समध्ये टाकला आणि ती घरी निघाली.

आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती.

“बाबांचा तलावावरचा अर्ज तुझ्या अक्षरात आहे, आई.”

आईचे हात थांबले नाहीत. “त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून मी भरला.”

“आणि अकरा वर्षं लिपिक?”

“होते लिपिक.”

“तीन वर्षं.”

“मेलेल्या माणसाची झडती घेऊ नये,” आई म्हणाली. “आवड होती, शिकवलं, चांगलं शिकवलं. एवढं लिही आणि मोकळी हो.”

लेक तिच्यासमोर बसली. आईच्या कपाळावरची शीर उडत होती. ती सवयीची खूण ओळखून एरवी तिनं विषय सोडून दिला असता.

“मुलं पाण्याखालून फेऱ्या मारतायत, आई. बाबांनी बंद केलेलं ते पुन्हा सुरू झालंय. आधी भराभरा वीस श्वास घेतात, आणि मग…”

वाटाण्याची शेंग आईच्या बोटांत तशीच राहिली.

“कोण करून घेतंय?”

“धाकटे सर.”

“आपला? याच ओट्याशी बसून जेवलेला?”

मग आईनं सांगितलं. मान वर न करता, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा आवाजात.

“त्या गावच्या तलावावर आठ वर्षं होते ते. तरुण होते, नाव झालं होतं. त्यांच्याकडे एक मुलगी होती, अकरा वर्षांची. लोक म्हणायचे, मासोळी आहे. मला तेव्हापासून कुणी तसं म्हटलेलं खपत नाही. मासोळी पाण्यात बुडत नाही. त्यांनीच शिकवलं होतं तिला, आधी वीसतीस दमदार श्वास घ्यायचे, छाती भरून घ्यायची. त्यांना वाटायचं, हवा साठते. डॉक्टर नंतर म्हणाले, हवाबिवा काही साठत नाही. श्वास संपत आला की जीव घाबरा होतो ना, तो व्हायचा बंद होतो. माणूस न घाबरता झोपी जातो, पाण्यातच.”

“आई…”

“मधे बोलू नको. एकदाच सांगेन. तिसऱ्या फेरीत ती तळाशी थांबली. यांना वाटलं, वळायला जोर धरतेय. हे वेळ मोजायच्या घड्याळाकडे बघत होते. आकडा चढत होता आणि यांना आनंद होत होता. आनंद होत होता गं त्यांना! ते कधी विसरले नाहीत. मग उडी मारली, कपड्यांसकट. काय उपयोग? संध्याकाळी कुणीतरी घरी आणून सोडलं, तर ओल्या खिशात घड्याळ चालूच. चार तास एकवीस मिनिटं. मी बंद केलं.”

लेकीला हॉस्पिटलातले शेवटचे चार दिवस आठवले. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि त्याच्याआडून बाबा पुन्हापुन्हा म्हणायचे, “वर ये. वर ये ना.” ती पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलेली असायची. तिला वाटे, आपल्यालाच म्हणतायत. ती उठून वाकायची, “आले बाबा, इथंच आहे.” त्यांची नजर तिच्या पलीकडे फरशीवर लागलेली असायची. नर्स म्हणाली होती, लेकीवर फार जीव दिसतो. तेवढ्या एका वाक्यावर तिनं दोन महिने काढले होते.

“चौकशीत अपघात ठरला,” आई सांगत होती. “कुणी बोट लावलं नाही. शिक्षा झाली असती तर एखादवेळी सुटले असते. इथं आलो, तीन वर्षं त्यांनी खर्डेघाशी केली. आणि रविवारी कुठं जायचे माहितेय? या तलावावर. जाळीच्या बाहेर उभे राहून पोरांची डोकी मोजायचे. उन्हातान्हात. शेवटी मीच म्हटलं, मोजायचीच आहेत तर आत जाऊन मोजा. ते म्हणाले, अर्जात काय लिहू? पेन घेऊन तासभर बसले, रकाना कोराच. मी अर्ज ओढून घेतला. खरं लिहिलं असतं तर कुणी आत घेतलं असतं?”

“सव्वीस वर्षं कुणालाच सांगितलं नाहीत.”

“कुणाला सांगणार? आणि आता ते गेल्यावर तू भिंतीवर लावणार? नवरा गेलाय माझा, आता त्याचं नावही घालव.”

आईनं सोललेले आणि न सोललेले वाटाणे एकाच भांड्यात टाकले, मग ते पुन्हा वेगळे करत बसली.

“किती मुलं आहेत?” तिनं विचारलं.

“नऊ.”

“नऊ घरं.” आईनं पदराला हात पुसले. “कागद आण. मी सांगते. या खेपेला तू लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक तलावावर पोचली तेव्हा मुलं अंग सैल करून घेत होती. धाकटे सर काठाशी पाटीवर त्या दिवसाचा सराव लिहीत होते. चौथ्या ओळीत ‘पाण्याखाली’ असं होतं, आणि त्यापुढे आकडा.

“आलात ताई? सरांचं लिहून झालं? फोटो तो शिट्टीवालाच लावा हं, त्यात जरा तरी हसलेत.”

तिनं कागद पुढे केला. धाकट्या सरांनी तो उभ्याउभ्या वाचला. अर्ध्यावर आल्यावर ते बाकावर बसले आणि त्यांनी तो सुरुवातीपासून पुन्हा वाचला.

“वीस वर्षं विचारत होतो मी,” ते म्हणाले. “एकदा तर रडलोय त्यांच्यापुढे. निवड हुकली होती माझी, वळणावर. त्यांनी फक्त टॉवेल दिला. एकदा सांगितलं असतं तर?”

“तर शिकला असतास त्यांच्याकडे?”

त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी नसतं सोडलं. आमच्या आईनं हात धरून नेलं असतं.” त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली. “हे फळ्यावर लावलं तर निम्मी पोरं महिन्याभरात जातील, ताई. आणि सरांना लोक काय काय बोलतील.”

“फळ्याचं समिती बघेल. मला हे त्यांच्या नावाखाली हवंय, ते मी त्यांनाही सांगेन. पण ती चौथी ओळ आत्ता पुस.”

“पुसतो. पण मुलं कारण विचारतील.”

“विचारू देत. या वेळी सांगायचं.”

धाकट्या सरांनी हातानंच ती ओळ पुसली, शिट्टी वाजवली आणि मुलांना बाकासमोर बसवलं. नऊ मुलं फरशीवर मांडी घालून बसली. सरांनी पहिली ओळ वाचायला घेतली आणि कागद तिच्या हातात दिला. “तुम्ही वाचा.”

तिनं वाचलं. आईनं सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं होतं. आनंद होत होता हे वाक्यही होतं. ते घाईत वाचलं गेलं. तिनं ते पुन्हा नीट वाचलं.

पिवळ्या टोपीनं हात वर केला.

“पण मला काही होत नाही. उलट खाली छान वाटतं. शेवटी शेवटी तर फारच छान.”



“हो,” लेक म्हणाली. “तिलाही छानच वाटत असणार.”

पिवळ्या टोपीचा हात हळूहळू खाली आला. मागून एका पोरानं विचारलं, “म्हणून सर सारखे मोजायचे?”

“म्हणून.”

“आम्ही त्यांची नक्कल करायचो,” तो म्हणाला, आणि शेजारच्यानं त्याला चिमटा काढला.

“ते त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “घरी येऊन ते आम्हाला तुमची नक्कल करून दाखवायचे.”

दोघंतिघं हसली, लगेच गप्प झाली. धाकटे सर उठले. “चला. दोनशे मीटर, आरामात. डोकी वर.”

रोज ‘चला’ पुरं व्हायच्या आत मुलं पाण्यात पडलेली असत, आणि उडालेलं पाणी बाकापर्यंत येई. आज सगळी मुलं काठाशी जाऊन उभी राहिली. मग पिवळी टोपी वळली, कोपऱ्यातल्या लोखंडी शिडीपाशी गेली आणि पाण्याकडे पाठ करून एकेक पायरी उतरू लागली. तिच्यामागे बाकीची आठही रांगेत उभी राहिली. कुणी कुणाला ढकललं नाही. वरच्याचा पाय लागू नये इतकं अंतर ठेवून ती एकामागून एक उतरत गेली, आणि शेवटचा मुलगा गळ्यापर्यंत पाण्यात गेला तेव्हासुद्धा काठाची फरशी कोरडी होती.