हिश्शाची चिंच

फांदीवरचा तारेचा वळ अजून बुजला नव्हता — सालीत रुतलेली फिकट रेघ, गोल गोल वर चढत गेलेली. वंदनानं तिच्यावरून अंगठा फिरवला, मग बोटावर थोडी ओली माती घेऊन तिथं फासली. माती लगेच वाळली आणि रेघ पुन्हा उठून दिसली. आईला आधी हेच दिसणार. छे, आधी दिसणार ती चिंचेची उंची, वीतभर आणि वर चार बोटं... वळ नंतर.

आई दुपारपर्यंत येणार होती. गुडघ्याचा एक्स-रे काढायचा म्हणून वंदनाचा भाऊ अंगद तिला मंठ्याहून जीपनं आणून सोडणार होता. लेकीच्या दारी मुक्काम करायचा नाही हा आईचा, चतुराबाईचा, जन्माचा हेका. इतक्या वर्षांत ती या घराचा उंबरा चढली नव्हती, आणि वंदना त्या हेक्याच्या भरवशावरच तर फोनवर खुशाल सांगत आली होती — वाढतेय गं, चिंच वाढतेय.

हक्कसोडीवर सही केली त्या दिवशीची ही चिंच. शेत भावाच्या नावे सोडायचं, सगळ्याच बहिणी सोडतात, भावाला नाही कोण म्हणतं? वंदनानंही म्हटलं नाही. संध्याकाळी निघताना आईनं बांधावरच्या जुन्या चिंचेखाली उगवलेलं रोप मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घातलं. "जमीन तर न्हाई देता आली माय तुला. ही घे, तुझ्या हिश्शाची. दारात लाव. म्हातारपणी येऊन बसंन मी हिच्या सावलीला."

पण दारात लावायला माती होती कुठं? जालन्यात भाड्याच्या दोन खोल्या, मागं फरशी घातलेलं बोळकांडीएवढं अंगण, आणि घरमालक एक फरशी उचकटू देईना. रोप बादलीत राहिलं. मुळं बादलीच्या भोकातून बाहेर डोकावायला लागली तेव्हा ती घाबरून मोबाइलवर काहीबाही शोधत बसली, आणि शोधता शोधता तिला कळलं, की झाड लहान ठेवूनही जगवता येतं. त्यातलं तिनं तेवढंच ऐकलं — जगवता येतं.

पहिली दोन-तीन वर्षं म्हणजे नुसती धास्ती. चिंचेला कात्री लावायचा धीर होईना, म्हणून भिंतीतून उपटलेल्या पिंपळावर हात बसवून घेतला, मग एका उंबरावर, दोन्ही गेले. शेवटी चिंच ताटलीत बसवली आणि हौसेनं माहेरच्या रानातली काळी माती मागवली. कापूस डोक्याच्या वर नेणारी माती, तिच्यापेक्षा चांगलं काय असणार? रानात सोनं असलेली ती माती उथळ ताटलीत पाण्यानं फुगून चिखल झाली, उन्हात आवळून भेगाळली, आणि भेगांबरोबर बारीक मुळं तटातट तुटली. पानं झडून काडी उरली. वंदनाला घास उतरेना. "हिला सलाईन लावू का?" असं बद्रीनाथ — तिचा नवरा, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला — चिडवायचा, पण विटांचा चुरा चाळून त्यानंच दिला, फांद्या वळवून बांधायला जळालेल्या मोटारीतली तांब्याची तारही त्यानंच आणली. माहेरची माती मुळांवरून धुऊन काढताना ती मोरीत बसून रडली होती... चिंच जगली. जगली म्हणजे दर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर, शेजारच्या नंदाबाईची नजर चुकवून. लोक घागरीसाठी भांडताहेत आणि ही बाई खेळण्यातल्या झाडाला पाजतेय — असं कुणी म्हणालं नव्हतं, पण तिला ते सारखं ऐकू यायचं.

आणि आई विचारायची, केवढी झाली? कमरेएवढी, म्हणाले. पुढच्या दिवाळीला, माझ्या डोक्याएवढी. मी खोटं कुठं बोलत होते, मी फक्त... बांधावर राहिली असती तर झाली असती तेवढी सांगत होते. गेल्या साली तर चांगली सावली पडते म्हणून बसले. आईनं ते गावभर केलं. बांधावरची जुनी चिंच रस्त्याच्या कामात तोडली गेली तेव्हासुद्धा ती रडली नाही म्हणे. एक हाय ना जालन्याला, म्हणाली.

"घरमालकानं तोडली म्हणून सांग, विषय खतम," कामावर निघताना बद्रीनाथ म्हणाला होता.

तो गेल्यावर तिनं खरंच ताटली उचलली, लपवायला म्हणून नंदाबाईच्या दारापर्यंत नेली. कडी वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिला. जिवंत झाडाला मेलं म्हणायला तिची जीभ रेटेना. ती परत आली आणि ताटली होती तिथंच ठेवली.

जीपचा हॉर्न वाजला. अंगदला घाई होती, त्यानं पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि तो चहाही न घेता गेला. आईनं पाण्याचा पेला खाली ठेवला, भिंतीला धरत उभी राहिली.

"कुठंय?"

वंदनानं मागचं दार उघडलं. आई पायरीवर टेकली. तिनं अंगणभर नजर फिरवली, कुंपणापलीकडे पाहिलं, वर पाहिलं. वंदनानं बोटानं ताटली दाखवली.

"हीच?"

"हीच."

वंदनाला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी, निदान हसावं तरी. तेवढ्यात आईच्या कमरेचा मोबाइल वाजला. शिवकन्येचा फोन, अंगदच्या बायकोचा. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "पोचल्या का आत्या? चिंच पाह्यली का?"

"पाह्यली की," आई म्हणाली. वैशाखाचं ऊन तिच्या तोंडावर सरळ पडलं होतं, डोळे बारीक झाले होते. "लई मोठी झालीय. तिच्याच सावलीला बसून बोलून राह्यले."

वंदनाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. शिवकन्येला, जिच्या घरात सगळं शेत राहिलं तिला, आई कसं सांगणार होती की लेकीला दिलेला हिस्सा एवढाच आहे... आता गावी गेल्यावर लोक विचारतील, दर वर्षी विचारतील, आणि आई दर वर्षी थोडी जास्त उंच सांगेल. वंदना आत चल म्हणाली, आई उठेना. पदर डोक्यावर पुढं ओढून ती तशीच उन्हात बसून राहिली, झाडाकडे न बघता. आजवर ही धास्ती वंदनाची एकटीची होती. आता आईनंही त्या धास्तीला खांदा दिला होता, आणि ती तसूभरही हलकी झाली नव्हती.