द्वारकेच्या हिरड्या

शनिवारची सुट्टी पुण्यकर्मात घालवायला कोथरूडच्या त्या गार सभागृहात आयटीवाल्यांची ही गर्दी लोटली होती! मंचावर पर्वतज्योत मिशनचे इंद्रजीतबंधू, आणि शेजारी खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या कातकरी वाडीवरची पोर, द्वारका.

"वर्षानुवर्षं मी त्या अंधारात राहिलो," बंधूंनी गळा काढला. "नाचणीची भाकरी खाल्ली, भुईवर झोपलो. ही मुलगी फिट येऊन चुलीत पडायची. मी मस्तकावर हात ठेवला, प्रसाद दिला आणि फिट गेली! डॉक्टर नाही, औषध नाही! वाडीने जुने देव सोडले. आता मी पुढच्या डोंगरावर चाललो. द्वारकेला यापुढे प्रसादही नको, श्रद्धा पुरे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मिरॅकल आहे हा!" अनिरुद्ध बायकोच्या कानाशी पुटपुटला. "आमच्या कंपनीचा फंड यांनाच देऊ."

"चमत्काराला फंड कशाला लागतो?" दीक्षा म्हणाली.

ती दातांची डॉक्टर. तिचं लक्ष पोरीच्या हसण्याकडे होतं. हिरड्या फुगून निम्म्या दातांवर चढल्या होत्या. फिटच्या एका जुन्या गोळीवर वर्षानुवर्षं असलेल्या रुग्णांच्या अशा हिरड्या तिने पाहिल्या होत्या. ती गोळी एकाएकी थांबली तर जिवावर बेततं, आणि बंधू तर आता प्रसादही नको म्हणत होते.

पोरीची आई मथुराबाई पहिल्या रांगेत अंग चोरून बसली होती. दीक्षा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"मावशी, प्रसाद कसला असतो?"

"गुळाची गोळी. बंधू रोज रातच्याला झोळीतनं काढून देत्यात."

"कधी चुकला होता?"

"दिवाळीत बंधू गावाला गेलं व्हतं. पोर मरता मरता वाचली." मथुराबाईने मान खाली घातली. "मी चोरून डोंगरच्या देवाला नारळ फोडला व्हता. बंधू म्हणलं, तुझ्याच पापानं झालं."

दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक मंचावर चढली.

"बंधू, हिचं रक्त तपासू. फिटचं औषध रक्तात सापडतं. नाही सापडलं, तर इथेच तुमच्या पाया पडते."

"श्रद्धेची परीक्षा घेत नसतात, ताई."

"मग प्रसादाची घेऊ. द्या ती झोळी."

बंधूंनी झोळी छातीशी घट्ट धरली. आत्तापर्यंत भारावलेला अनिरुद्धच उठून मंचावर आला आणि त्याने ती ओढून घेऊन उपडी केली. गुळाच्या ढेपेबरोबर गोळ्यांची पाकिटं टेबलावर पडली. दीक्षाने नाव मोठ्याने वाचलं. तीच गोळी. कुटून गुळात कालवायची, की झाला प्रसाद!

"औषधालासुद्धा वरच्याची कृपा लागते," बंधू चाचरले.

"मग औषध आहे म्हणून आईला का नाही सांगितलंत? तुम्ही निघून गेल्यावर पोर दगावली असती, तर तेही आईचंच पाप ठरवलं असतंत ना?"

मथुराबाई मंचाशी आली. "बाई, म्हंजी माझ्या नारळानं न्हवती आली फिट?"

"नाही हो, मावशी. नारळाने फिट येत नाही आणि जातही नाही. औषध थांबलं म्हणून आली. आता बंद करायचं नाही. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे मी तुमच्याबरोबर येते."

मग ती सभागृहाकडे वळली. "तुमचा कॉम्प्युटर अडला, की रात्र रात्र जागून कारण शोधता. माणूस बरा झाला, तर का झाला हे विचारायला लाज कसली वाटते?"



मथुराबाईने पोरीला कुशीत ओढलं. "दिवाळीपास्नं हिच्या तोंडाकडं बघवत न्हवतं मला," ती म्हणाली आणि भर सभेत हमसून रडली.