पंपघरात आलेला पंखा

मित्रांनो, पंपघराच्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट उभे आहे. त्यात राहणारे मी एक जुने कंट्रोल कार्ड, म्हणजे यंत्राला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. माझ्या शेजारी वीज सोडणारे आणि तोडणारे मोठे अर्धवाहक स्विच आहेत. वस्तीला पाणी चढवणारी मोटार त्यांच्याच जिवावर फिरते. अंगात बळ खूप, पण कधी चालू व्हायचे आणि कधी बंद, हे त्यांना मी सांगतो. समोरासमोरचे दोघे एकाच क्षणी चालू झाले, तर दोघांच्या चिंधड्या उडतील. म्हणून एक पुरता बंद झाल्याखेरीज मी दुसऱ्याला हाक देत नाही.

कारखान्यात एका बाईंनी भिंगातून पाहत, कथलाचा एकेक डाग देऊन मला जोडले. इथे आल्यावर सुरुवातीची वर्षे कौतुकाची गेली. फिटरदादा कपाट उघडून म्हणायचे, "याच्याकडे बघायलाच लागत नाही!"

आणि खरेच, पुढे कोणी बघेनासे झाले.

कपाटाच्या पंख्याची जाळी धुळीने बुजली. पंखा कुरकुर करून एक दिवस थांबला. उन्हाळा चढला तसे स्विच तापू लागले. ते फार तापले की सगळे बंद करायचे, हे माझे कर्तव्य. मी ते करायचो, आणि वस्तीचे नळ कोरडे पडायचे. लोक येऊन मोटार सांभाळणाऱ्या काकूंना वाटेल ते बोलायचे.

काकूंनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "मागवलाय पंखा. तोवर भागवा कसंतरी."

दुसऱ्या दिवशी काकू टेबलफॅन घेऊन आल्या. कपाटाचे दार उघडून त्यांनी तो आमच्यासमोर ठेवला.

"हा कुठला आणलात?" फिटरदादांनी विचारले.

"घरचाच. सासूबाईंच्या उशाशी असतो."

"अहो, त्या तर अंथरुणाला खिळल्यात ना?"

"त्याच हटून बसल्या. म्हणाल्या, 'ने गं. पाणी नाही आलं तर लोक तुलाच फाडून खातील. मला खिडकी आहे.'"

त्या वाऱ्याने आमचा जीव गार झाला. मोटार अखंड फिरू लागली. काकू अधूनमधून साहेबांना फोन करत. उत्तर तेच. ऊन मात्र रोज वाढत होते.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला. काकू ऐकत ऐकत स्टुलावर बसल्या. मोटार सोडून जाता येईना. फिटरदादा धावत आले, तेव्हा त्या चपलाही न घालता निघाल्या. पण उशीर झाला होता. सासूबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, उकाडा सोसला नाही.

आमचा नवा पंखा त्यानंतर आला. चार स्क्रू पिळले आणि काम झाले.

काकू कामावर परतल्या, तेव्हा फिटरदादांनी टेबलफॅन पुसून पुढे केला. "हा तुमचा, काकू."

"राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "घरी आता कुणाला लावू?"

मित्रांनो, आम्हाला सोसवले नाही की आम्ही बंद पडतो, आणि लगेच सगळे धावत येतात. त्या म्हातारीने हूं की चूं केले नाही. म्हणून सांगतो, यंत्रावरची धूळ वेळच्या वेळी झटका. आम्हाला लागणारा वारा कोणाच्या उशापासून उचलून आणू नका.